तानपुऱ्याचा भोपळा पार्सलमध्ये फुटला आणि क्लेम नाकारला, आता काय करायचं

मिरजेहून नागपूरला भाचीसाठी तानपुरा पाठवला होता, कुरियरने, लाकडी पेटीत. पेटी पोचली तेव्हा बाहेरून फक्त एक कोपरा दबलेला होता, भाचीने सही करून दिली, कुरियरवाला निघून गेला आणि मग पेटी उघडली तर भोपळ्याला गळ्यापासून खालपर्यंत तडा. ३८ हजारांचं वाद्य. बुकिंग करताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "काका, व्हॅल्यू पाच हजार टाकतो, नाहीतर चार्ज उगाच वाढेल", आणि मी हो म्हणालो होतो. सात महिने भांडून हातात आले ते तेवढेच पाच हजार, आणि कागद बघता त्याहून जास्त मिळणंही अवघड होतं, कारण माझ्या सहीच्या पावतीवर तोच आकडा होता.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या अशा भांडणात मदत केली, कुणाची पैठणी भिजलेली, कुणाचं आजोबांचं लंबकाचं घड्याळ, कुणाच्या चांदीच्या समया वाकलेल्या. दरवेळी एकच अडचण दिसते, माणसं चुकीच्या दारात उभी असतात. पोस्टाने फोडलेल्या वस्तूसाठी विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) अर्ज करतात, विमा कंपनीने नाकारलेल्या क्लेमसाठी कुरियरच्या ऑफिसात चकरा मारतात, आणि तोवर मुदती संपतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

पावती काढा आणि बघा विमा नक्की कुणाचा आहे

"विमा केला होता" असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींपैकी एक असते.

पहिली, पोस्टाचं इन्शुअर्ड पार्सल. यात विमा कंपनी कुठेच नसते, जास्तीची फी घेऊन पोस्ट खातं स्वतःच हमी घेतं. त्यामुळे विमा लोकपालाचा इथे काही संबंध नाही.

दुसरी, कुरियरने लावलेला रिस्क चार्ज. पावतीवर एफओव्ही (मालाच्या किमतीवरचा चार्ज) किंवा रिस्क कव्हर असं काहीतरी असतं आणि शेजारी दोन चौकोन असतात, ओनर्स रिस्क आणि कॅरिअर्स रिस्क. हा बहुतेक वेळा विमा नसतोच, कुरियर कंपनीने आपली जबाबदारी किती रुपयांपर्यंत वाढवली एवढाच त्याचा अर्थ. आणि ओनर्स रिस्कवर टिक असेल तर चार्ज भरूनसुद्धा जोखीम तुमचीच राहते, लोकांना वाटतं आपण ओनर म्हणजे आपल्याला मिळणार, नेमकं उलट आहे.

तिसरी, खरीखुरी पॉलिसी, विमा कंपनीची. वाहतुकीतल्या मालाच्या विम्याला मरीन म्हणतात, माल मिरज ते नागपूर ट्रकने गेला तरी नाव मरीनच, त्याने गोंधळून जाऊ नका. ती पॉलिसी तुम्ही घेतलेली असेल, विकणाऱ्या दुकानाची वर्षभराची ओपन पॉलिसी असेल, किंवा कुरियरने तुमच्या नावाने सर्टिफिकेट काढलेलं असेल. सर्टिफिकेट नंबर मागा. नंबर देता येत नसेल तर ती बहुधा दुसऱ्या प्रकारातली गोष्ट आहे. घराची किंवा दागिन्यांची ऑल रिस्क पॉलिसी असेल तर तीही उघडून बघा, काहींमध्ये घराबाहेर नेलेल्या वस्तूला कव्हर असतं, पण तिसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू वगळलेली आहे का ते वाक्य शोधा.

पोस्टाचं असेल तर

पोस्टाला कायद्याचं संरक्षण जुनं आहे. १८९८ च्या कायद्यात कलम ६ होतं, आता नवा पोस्ट ऑफिस कायदा २०२३ आलाय, १८ जून २०२४ पासून लागू, त्यात कलम १० तेच सांगतं: नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली आहे तेवढीच पोस्टाची, त्यापलीकडे नाही, आणि कर्मचाऱ्याने फसवणूक केली किंवा मुद्दाम नुकसान केलं असेल तरच तो व्यक्तिशः जबाबदार. साध्या स्पीड पोस्टला वर्षानुवर्षं नियम असा की भरलेल्या चार्जच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी ते. म्हणजे १८० रुपये देऊन दहा हजारांची पैठणी पाठवली आणि ती फाटली तर ३६० रुपये. म्हणून पोस्टाने मौल्यवान काही पाठवायचं तर विमा हवाच, आणि सोनं, दागिने, नोटा तर विम्याशिवाय पाठवायच्याच नाहीत असा पोस्टाचा जुना नियम आहे, तो मोडला तर क्लेम तिथेच संपतो. विम्याची मर्यादा एक लाख. त्याहून महाग वस्तू असेल तर पोस्टाचा विचार सोडा आणि वेगळी पॉलिसी घ्या.

इन्शुअर्ड पार्सलमध्ये दोन गोष्टींवर सगळं उभं असतं, वजन आणि सील. शिवणीवर लाखेची सीलं लावतात, सगळ्यांवर एकच ठसा लागतो, आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलं जातं. पोचताना वजन कमी भरलं किंवा सील तुटलेलं दिसलं की निम्मं काम तिथेच झालं. म्हणून बुकिंगच्या पावतीवरचं वजन स्वतः वाचा, आणि घेणाऱ्याला आधीच फोनवर सांगून ठेवा की पाकीट खराब दिसलं तर दारात सही करायची नाही, पोस्टात जाऊन ओपन डिलिव्हरी मागायची. पोस्टमास्तरसमोर पार्सल उघडतात, वजन करतात, आत काय आणि कसं निघालं ते लिहितात. या कागदाला पुढे फार वजन असतं. पोस्टमनदादांशी भांडू नका, त्यांच्या हातात तसंही काही नसतं.

भरपाई मागायचा हक्क मूळ पाठवणाऱ्याचा. घेणाऱ्याने मागायची असेल तर पाठवणाऱ्याची लेखी संमती जोडा, नाहीतर अर्ज महिना-दोन महिने फिरून परत येतो. तक्रार पोस्टाच्या साइटवर किंवा १८०० २६६ ६८६८ वर, नंबर लिहून ठेवा, आणि लेखी अर्ज बुकिंगच्या पोस्टात देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या. उत्तर आलं नाही तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, आणि पोस्टाच्या तक्रारी ऐकायला ठराविक काळाने डाक अदालत भरते, तिथेही.

पोस्ट सरकारी आहे म्हणजे माहितीचा अधिकार चालतो, आणि हे कुरियरच्या बाबतीत नाही म्हणून याचा पुरेपूर फायदा घ्या. १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचं असं: अमुक नंबरचं पार्सल कुठल्या तारखेला कुठल्या ऑफिसात आलं, प्रत्येक ठिकाणी वजन आणि सीलची काय नोंद आहे, चौकशी झाली असेल तर अहवालाची प्रत. "भरपाई का दिली नाही" असं विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागदाची प्रत मागा.

कुरियर असेल तर: सही, आकडा आणि १८० दिवस

कुरियरचा मुद्दा आला की त्यांचे वकील एक निकाल हमखास दाखवतात. १९९६ चा, सुप्रीम कोर्टाचा, भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल. पाकीट जर्मनीला पोचलंच नाही, नुकसान मोठं झालं, पण कन्साइनमेंट नोटवर, म्हणजे कुरियरच्या पावतीवर, जबाबदारी १०० डॉलरपर्यंत असं छापलेलं होतं आणि त्यावर पाठवणाऱ्याची सही होती, कोर्ट म्हणालं सही केली म्हणजे अट मान्य केली. माझ्या तानपुऱ्याला हेच नडलं.

पण या निकालाचा जीव सहीत आहे. तुमची सही नसेल, अटी मागच्या बाजूला वाचता न येण्याइतक्या बारीक छापलेल्या असतील, किंवा घरून पिकअप झालं आणि अटी कधी दाखवल्याच नसतील, तर ग्राहक आयोगात हा मुद्दा लढवता येतो आणि लोक जिंकलेतही. म्हणून पावतीची तुमची प्रत आणि त्यांची प्रत दोन्ही बघायला मागा, सही कुठे आहे, कुणाची आहे. घरून पिकअप झालं असेल तर ॲपवर कुठल्या अटींना टिक केली तो स्क्रीनशॉट काढा.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रस्त्याने माल वाहून नेण्याचा २००७ चा कायदा आहे, कॅरेज बाय रोड ॲक्ट, त्यातल्या कॉमन कॅरिअरच्या व्याख्येत कुरियर एजन्सी स्पष्ट शब्दांत आहे, सरकार मात्र नाही, म्हणजे पोस्ट यातून बाहेर. या कायद्याने दोन गोष्टी आपल्या बाजूच्या होतात. एक, कुरियरचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही, माल चांगला दिला आणि फुटून आला एवढं दाखवायचं, पुढचं त्यांनी सांगायचं. दोन, जबाबदारीला मर्यादा असली तरी ती पावतीवर छापलेल्या १०० रुपयांसारख्या मर्यादेपेक्षा बहुतेक वेळा बरी असते, २०११ च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापट, पण जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. जास्त रिस्क रेट भरला असेल तर आणखी पुढे जाता येतं.

आणि एक गोष्ट अंगावर येणारी. याच कायद्याचं कलम १६, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायलाच लागते, नाहीतर दावा चालत नाही, आणि हा मुद्दा ग्राहक आयोगातही काढतात. दिवस डिलिव्हरीपासून मोजायचे नाहीत, बुकिंगपासून. कस्टमर केअरचा माणूस "केस अंडर इन्व्हेस्टिगेशन" म्हणत पाच महिने सहज काढतो. तुम्ही पहिल्या आठवड्यातच रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने नोटीस टाका, ईमेल वेगळा करा.

परदेशी पाठवलेलं किंवा आलेलं असेल, विमानाने, कुरियर किंवा कार्गोने, तर माँट्रियल करार लागतो, भारत त्यात २००९ पासून आहे. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत. मर्यादा वजनावर, २८ डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे पॅकिंगसकट १० किलोच्या पेटीला २६० एसडीआर. बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून जादा पैसे भरले असतील तर ही मर्यादा उठते. अमेरिकेत, दुबईत शिष्यांना वाद्यं पाठवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. पोस्टाने परदेशी पाठवलं असेल तर चौकशीची मुदत पोस्टिंगपासून सहा महिने.

पाठवताना

खरा आकडा टाका. एवढंच. बिल असेल तर बिलाचा, नसेल तर कारागिराकडून किंवा सोनाराकडून मूल्यांकन लिहून घ्या आणि तो आकडा टाका. कमी टाकला तर तेवढेच मिळतात. जास्त टाकला तरी खऱ्या किमतीवर एक रुपया मिळत नाही, वर शंका येते.

पॅकिंग करतानाचा व्हिडिओ काढा, आधी वस्तू सगळ्या बाजूंनी, तानपुरा असेल तर छेडून आवाजसुद्धा, मग गुंडाळताना, मग बंद पेटी आणि पावतीचा नंबर एकाच फ्रेममध्ये. ओरिजिनल फाइल फोनमधून काढू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी चालते असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, आधी ६५ब होतं. ग्राहक आयोग इतका काटेकोर नसतो पण जोडलेलं बरं.

दारात आलं की

हे घेणाऱ्याला सांगायचं, आणि लिहून पाठवायचं, कारण माझी भाची काही चुकली नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेटी दबलेली, ओली, टेप बदललेली, काहीही दिसलं तर सही करताना पीओडीवर, म्हणजे पोचपावतीवर, हाताने लिहायचं: "पेटीचा डावा कोपरा दबलेला, आतला माल न तपासता स्वीकारला, तारीख, वेळ." डिलिव्हरीवाला लिहू देत नसेल तर, म्हणजे मशीनवर बोटाने सही असेल तर, तो उभा असतानाच पेटीचा फोटो काढायचा आणि त्याच मिनिटाला कंपनीच्या ईमेलवर टाकायचा. नुसती सही म्हणजे "चांगल्या स्थितीत मिळाले" असा अर्थ ते लावतात. लावला म्हणून सगळं संपलं असंही नाही, आतला तडा बाहेरून दिसत नाही हे कुणालाही कळतं, पण मग उघडतानाचा सलग न तोडलेला व्हिडिओ तरी हवा.

काहीही टाकून देऊ नका. फोम, चिंध्या, पुठ्ठा, तुटलेली खुंटी, सगळं. आणि दुरुस्तीला लगेच देऊ नका, मला माहितीय वाद्य तसं फुटकं बघवत नाही, पण सर्व्हेअर (विमा कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस) येऊन जाईपर्यंत किंवा कंपनीने लेखी "तपासणीची गरज नाही" म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

त्याच दिवशी दोन पत्रं

पॉलिसी असेल तर एक पत्र विमा कंपनीला आणि दुसरं कुरियरला, दोन्ही त्याच दिवशी. कुरियरला का, तर विमा कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून कुरियरकडून वसूल करते, सब्रोगेशन म्हणतात त्याला. तुम्ही कुरियरला क्लेमच केला नाही तर तिचा वसुलीचा हक्क बुडतो आणि तेच कारण काढून तुमचा क्लेम कापतात. चांगल्या चांगल्या लोकांनी इथे मार खाल्लाय. कुरियरकडून डॅमेज सर्टिफिकेट मागा, ते देत नाहीत सहसा, पण मागितल्याचा कागद तुमच्याकडे राहतो.

पत्रात भावना नकोत, आजीची आठवण, गुरूंचा आशीर्वाद हे सगळं खरं असतं पण त्याची भरपाई कुठल्याच नियमात नाही. साधं लिहा (इथे खरी किंमत जाहीर केली होती असं धरलंय): "दि. अमुक रोजी पावती क्र. अमुक अन्वये मिरज येथून तानपुरा एक नग, जाहीर मूल्य रु. ३८,०००, नागपूर येथे पाठविला. दि. अमुक रोजी पेटी डावा कोपरा दबलेल्या स्थितीत मिळाली व आतील भोपळ्यास तडा गेलेला आढळला. फोटो व व्हिडिओ सोबत. नुकसानीची पूर्ण रक्कम मिळावी. सदर पत्र कायद्याने आवश्यक असलेली नोटीस समजावी. वस्तू व पॅकिंग तपासणीसाठी जपून ठेवले आहे." शेवटची दोन वाक्यं गाळू नका.

उशीर झालाच असेल तरी घाबरून क्लेम सोडू नका. विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे, फक्त कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये असं. उशिराचं कारण लिहून द्या.

"पॅकिंग नीट नव्हतं"

दहातले बरेच नकार याच वाक्याने येतात. आणि त्याला कागदाचा आधार असतो, रस्त्याच्या वाहतुकीची जी ठरलेली कलमं आहेत, इनलँड ट्रान्झिट क्लॉज, त्यांत अपुरं किंवा अयोग्य पॅकिंग वगळलेलं आहे. शिवाय १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्यात नेहमीची मोडतोड आणि वस्तूचा अंगभूत दोष यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. तानपुऱ्याचा भोपळा, म्हटलं तर वाळलेलं फळच की, मग पत्रात लिहून येतं "वस्तू नाजूक, नैसर्गिकरीत्या तडा जाणारी".

आधी पॉलिसी कुठल्या क्लॉजची ते बघा. ए म्हणजे सर्व जोखमी, बी म्हणजे यादीतल्या, आग, टक्कर, गाडी उलटणं वगैरे, सी म्हणजे जवळजवळ फक्त आगीपुरती. बी किंवा सी असेल आणि गाडीला अपघात झालेला नसेल तर भांडणात दम नाही, वेळ घालवू नका, कुरियरकडे वळा. ए असेल तर मात्र सोडू नका.

उत्तर कसं द्यायचं ते तानपुऱ्यावरूनच सांगतो. मिरजेत सतारमेकर मंडळी पिढ्यान् पिढ्या वाद्यं करतात, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, आणि तयार वाद्य जातं देशभर, कोलकात्याला, दिल्लीला, बंगळूरला. त्यांची पॅकिंगची रीत ठरलेली आहे, तारा उतरवायच्या, घोडी काढून किंवा कापडाने बांधून ठेवायची, भोपळ्याभोवती मऊ थर, गळ्याखाली आधार, म्हणजे दांडीचा भार सांध्यावर येत नाही, मग घट्ट पेटी. मग कारागिराकडून त्याच्या लेटरहेडवर असं पत्र घ्या: ही पॅकिंग आमच्या व्यवसायातली नेहमीची आहे, याच पद्धतीने आम्ही वाद्यं पाठवतो आणि ती सुखरूप पोचतात, हे वाद्य अमुक तारखेला निर्दोष स्थितीत दिलं. हे पत्र "अयोग्य पॅकिंग" आणि "अंगभूत दोष" दोन्हींना एकदम उत्तर देतं. जी वस्तू त्याच पॅकिंगमध्ये रोज सुखरूप जाते ती एकदा फुटली तर कारण वस्तूत नाही, वाटेत आहे. आणि तड्याची दिशा दाखवा. उन्हाने, वाळल्याने गेलेला तडा बारीक, शिरेसारखा पसरतो, मार बसलेला तडा एका ठिकाणी खोल असतो आणि तिथून निघतो, आणि ते ठिकाण पेटीच्या दबलेल्या कोपऱ्यासमोर आलं तर फोटोत स्केल ठेवून ते दाखवा. कारागिराला हे लगेच कळतं, त्याच्याकडून तेही लिहून घ्या.

पैठणीचं भांडण वेगळं. तिथे "आतून प्लास्टिक नव्हतं" म्हणतात. पावसाळ्यातलं बुकिंग असेल तर कुरियरनेच वरून बॅग घातली होती का ते बघा, घातली असेल तर पाणी त्यांच्या ताब्यात असताना शिरलंय. जरीचा रंग गेलेला, डाग कुठे पडले, घड्या कुठे होत्या, उलगडून फोटो.

नंतरचा वाद किमतीचा. कंपनी म्हणते दुरुस्त होतो ना, मग दुरुस्तीचे चार हजार घ्या. भोपळा सांधता येतो, खरंय, पण सांधलेल्या वाद्याचा नाद आणि बाजारातली किंमत दोन्ही पहिल्यासारखे राहत नाहीत. त्यामुळे दोन अंदाजपत्रकं घ्या, एक दुरुस्ती किंवा भोपळा बदलण्याचं, दुसरं दुरुस्तीनंतर हे वाद्य कितीला विकलं जाईल याचं. मधला फरक हा तुमचा क्लेम. जुनी वस्तू असेल तर घसारा कापतात, पण वाद्य, जुनं घड्याळ, हातमागाची जुनी साडी यांची किंमत वयाने कमी होतेच असं नाही, ते मूल्यांकनात स्पष्ट लिहून घ्या.

सर्व्हेअर आला तर सोबत बसा, दाखवा, आणि त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागा. अहवाल विरोधात गेला म्हणून हातपाय गाळू नका. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे.

नकाराचं पत्र आलं

फोनवरचा नकार घेऊ नका, कारणासकट लेखी मागा. याला कारण आहे. गलाडा पॉवर विरुद्ध युनायटेड इंडिया, २०१६, वाहतुकीतल्या मालाच्या विम्याचीच केस, त्यात ठरलं की नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही ते कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही. म्हणजे पत्र जितकं लवकर आणि जितकं मोघम येईल तितकं त्यांच्या गळ्यात.

विमा कंपनी असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. एकही पैसा फी नाही, वकील चालतच नाही, मर्यादा ५० लाख, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. मुंबईत आणि पुण्यात ऑफिसं आहेत. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे जाऊ शकता. फक्त तोच वाद आधी ग्राहक आयोगात टाकलेला नको, म्हणून क्रम असाच ठेवा, लोकपाल आधी.

कुरियर किंवा पोस्ट असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आधी करून बघा. ते निकाल देत नाहीत पण कंपनीला कळवतात, आणि मोठ्या कुरियर कंपन्या तिथे बऱ्याचदा मिटवतात, माझ्या माहितीतल्या समयांचं प्रकरण तिथेच मिटलं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार टाकता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत का असेना. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी भरलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी शून्य, आणि आपल्या पार्सलचं भाडं तर शेकड्यात किंवा फार तर हजारात असतं. आता ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं, वकील सक्तीचा नाही. ज्याच्यासाठी पाठवलं तो लाभार्थी म्हणून ग्राहकच धरला जातो, म्हणजे भाचीनेही नागपुरात तक्रार केली असती तरी चाललं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरबसल्या साड्या किंवा हातची वस्तू विकणाऱ्या बायका विचारतात, आमचा धंदा आहे, आम्ही ग्राहक होतो का. पोट भरण्यासाठी स्वतः करत असाल तर होता, कायद्यात तसा खुलासा आहे. आणि विम्याच्या बाबतीत २०२३ च्या हरसोलिया मोटर्सच्या निकालाने आणखी सोपं झालंय, विमा हा नफा कमावण्यासाठी घेतलेला नसतो तर नुकसान भरून निघावं म्हणून घेतलेला असतो.

कुरियरची छापील अटच मुळात अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल तर एक अडचण आहे, अनफेअर काँट्रॅक्टची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जाते. छोट्या रकमेसाठी त्या वाटेला जाऊ नका. जिल्ह्यात "सेवेतील त्रुटी" म्हणूनच मांडा आणि अट कधी दाखवलीच नाही एवढाच मुद्दा ठेवा.

निकाल बाजूने लागला की समोरचा ४५ दिवसांत अपील करू शकतो, पण त्यासाठी त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. बहुतेक जण पन्नास हजारासाठी तेवढं करत नाहीत. पैसे दिले नाहीत तर कलम ७१ खाली वसुली आणि ७२ खाली शिक्षेचा अर्ज, हा दुसरा अर्ज टाकल्याबरोबर फोन येतो.

व्हाउचरवर सही मागतील तेव्हा

मध्येच कधीतरी फोन येईल, दहा हजार मंजूर झालेत, फुल अँड फायनल डिस्चार्ज व्हाउचर (सगळा हिशोब मिटला असा कागद) पाठवतोय, सही करून स्कॅन करा, आजच करा. पैशाची नड असते, माणूस करतो. पटत नसेल तर सहीच्या वर हाताने लिहा, "रक्कम हक्क राखून, अंशतः स्वीकारली", आणि त्याच दिवशी ईमेलवर कळवा की बाकी रकमेचा वाद चालू आहे. विमा कंपनी असेल तर २४ सप्टेंबर २०१५ चं नियामकाचं परिपत्रक दाखवा, व्हाउचरवर सही केली म्हणून पॉलिसीधारकाचा पुढे जाण्याचा हक्क संपत नाही असं त्यात आहे. कुरियरला हे परिपत्रक लागू नाही, तिथे ते पाठवतात तो कागद नीट वाचा, त्यात सगळे दावे सोडले असं असेल तर ते वाक्य खोडून, खोडल्याजागी सही करून पाठवा, आणि नाही म्हणाले तर त्यांचं नाही लेखी मागा.